लॅपटॉपमधील ग्राफिक्स कार्ड बदलण्यापूर्वी काय तपासावे?

प्रश्नकर्ता, सातपूर

सर्वांना नमस्कार.

माझी मुलगी नाशिकमध्येच वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षाला शिकते. २०२१ साली ती अकरावीत असताना ऑनलाइन वर्गांसाठी घेतलेला लॅपटॉप ती आजही वापरते. त्यात इंटेल कोअर आय५-११३५जी७ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी आणि २ जीबी मेमरीचे एनव्हिडिया एमएक्स३५० ग्राफिक्स आहे. चार्जर ६५ वॅटचा आहे. पहिली दोन वर्षे ऑटोकॅड आणि स्केचअपवर तिचे काम विनातक्रार झाले. या वर्षी मात्र तिला गोदाकाठी सांस्कृतिक केंद्र उभारण्याचा प्रकल्प मिळाला आहे, आणि त्या मॉडेलमध्ये घाटाच्या पायऱ्या, दगडी पोत आणि झाडे आल्यापासून लॅपटॉप जागच्या जागी अडकतो. रात्री व्ही-रे या प्रोग्रॅममध्ये एखादे चित्र रेंडरला (मॉडेलवरून खऱ्यासारखे चित्र तयार करायला) लावून ती झोपते आणि सकाळी पाहते तर ग्राफिक्सची मेमरी अपुरी पडल्याची सूचना पडद्यावर असते. सबमिशनला आता सात आठवडे उरले आहेत.

मी शहरातल्या दोन दुकानांत चौकशी केली. एका ठिकाणी सांगण्यात आले की लॅपटॉपचे कार्ड बदलतच नाही, नवा लॅपटॉप घ्या. दुसऱ्या ठिकाणी १८,००० रुपयांत ‘४ जीबीचे कार्ड बसवून देतो’ असे सांगितले. त्यासाठी लॅपटॉप चार दिवस ठेवून जायचा आणि कामाची हमी मात्र मिळणार नाही. दोन्ही उत्तरे एकाच वेळी खरी असू शकत नाहीत, म्हणून येथे विचारतो आहे.

मी स्वतः कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचे काम करतो. सीएनसी यंत्राचा ड्राइव्ह बदलायचा असेल तर आम्ही आधी भाग क्रमांक, व्होल्टेज, अँपिअर, जोडणीच्या पिना आणि फर्मवेअरची आवृत्ती पडताळतो, आणि मगच जुना भाग काढतो. लॅपटॉपच्या बाबतीत अशी पडताळणी कशाकशाची करावी लागते आणि ती घरच्या घरी करता येते का, हे मला समजून घ्यायचे आहे. एकूण खर्चाची तयारी ४५,००० ते ५०,००० रुपयांपर्यंत आहे, परंतु ते पैसे योग्य ठिकाणी लागावेत एवढीच इच्छा आहे.

लॅपटॉप दुरुस्ती व्यावसायिक, महात्मा गांधी रोड

दादा, या क्षेत्रात मी बरीच वर्षे चिप लेव्हलचे काम करतो आहे, म्हणून आपल्या १८,००० रुपयांच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो.

डेस्कटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड हा स्लॉटमध्ये बसणारा स्वतंत्र भाग असतो. आपल्या लॅपटॉपमध्ये तसे कार्डच नाही. एमएक्स३५० ही चिप तिच्या पोटाखालच्या शेकडो बारीक सोल्डरच्या गोळ्यांनी थेट मदरबोर्डवर जोडलेली आहे आणि तिच्या शेजारी तिची २ जीबी मेमरीही तशीच सोल्डर केलेली आहे. आपला प्रोसेसरसुद्धा तसाच आहे. त्या जागी दुसऱ्या पिढीची चिप बसवायची म्हटले तर खालच्या गोळ्यांची मांडणी जुळत नाही, मेमरीच्या चिप वेगळ्या लागतात, वीजपुरवठ्याचे सर्किट तेवढा भार घेणारे नसते आणि चिपचे फर्मवेअर तसेच लॅपटॉपचे बायोस (सुरू होताना आतले भाग ओळखणारा मूळ प्रोग्रॅम) तिला ओळखत नाही. शिशाविरहित सोल्डर सुमारे २१७ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे चिप काढताना आणि बसवताना बोर्डाचा तो भाग त्याहून जास्त तापवावा लागतो. बिघडलेली चिप काढून त्याच क्रमांकाची दुसरी बसवणे हे दुरुस्तीचे काम आहे आणि ते आम्ही करतो. त्याच बोर्डावर मोठी चिप बसवणे हे मात्र आपल्यासारख्या लॅपटॉपमध्ये व्यवहारात होत नाही.

मग तो दुकानदार काय बसवणार होता? माझ्या अंदाजाने तो संपूर्ण मदरबोर्ड बदलणार असावा. एकाच मॉडेलचे लॅपटॉप कंपन्या दोन-तीन प्रकारच्या ग्राफिक्ससह विकतात आणि त्यांचे बोर्ड पुष्कळदा त्याच स्क्रूच्या जागांवर बसतात. हा मार्ग अशक्य नाही, पण त्यासाठी त्या बोर्डाबरोबरचा हीटसिंक आणि पंखाही घ्यावा लागतो, कारण मोठ्या चिपला तांब्याची नळी वेगळी असते. चार्जर जास्त वॅटचा लागतो. पडद्याच्या केबलचा जोड तपासावा लागतो. शिवाय बोर्डाबरोबर प्रोसेसर आणि त्यातला सुरक्षा-भागही बदलत असल्याने विंडोजचा परवाना पुन्हा सक्रिय करावा लागतो, आणि डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर रिकव्हरी कीशिवाय मुलीचे सगळे काम अडकून पडते. जुना, कुठून तरी काढलेला बोर्ड हमीशिवाय १८,००० रुपयांना घेऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगतो. तो दुकानदार नेमके काय बसवणार आहे, हे भाग क्रमांकासह बिलावर लिहून देतो का, एवढे विचारून पाहा.

ज्यांत कार्ड खरोखर बदलता येते असे लॅपटॉप आहेत, हेही नमूद करतो. एमएक्सएम नावाची एक मांडणी आहे, तिच्यात ग्राफिक्स स्वतंत्र पट्टीवर असते. तिच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘ए’ प्रकारची पट्टी ८२ बाय ७० मिलिमीटर आणि ‘बी’ प्रकारची ८२ बाय १०५ मिलिमीटर असते. डेल प्रिसिजन एम६८०० किंवा एचपीचा जुना झेडबुक १७ अशा जाडजूड वर्कस्टेशनमध्ये ती आढळते. तेथेही पट्टीचा आकार, हीटसिंकच्या स्क्रूंची जागा, चिपची उंची, वॅट आणि बायोसची मान्यता या पाचही गोष्टी जुळाव्या लागतात. पट्टी अचूक बसली आणि बायोसने ती नाकारल्याने पडदा काळाच राहिला, असे माझ्या टेबलावर घडलेले आहे. आपल्या लॅपटॉपचा मात्र एमएक्सएमशी संबंध नाही. एमएक्स३५० या नावातल्या ‘एमएक्स’वरून पुष्कळांचा गैरसमज होतो.

आता आपण घरी चार गोष्टी पाहा आणि येथे लिहा. टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’ या भागात मेमरीवर गेल्यावर उजवीकडे खाली किती स्लॉट वापरात आहेत ते दिसते. त्याच ठिकाणी ‘जीपीयू ०’ आणि ‘जीपीयू १’ (जीपीयू म्हणजे ग्राफिक्सची चिप) यांची नावे जशीच्या तशी लिहून घ्या. तिसरे, टाइप-सी पोर्टशेजारी विजेचे चिन्ह आहे का ते पाहा. चौथे, रेंडर चालू असताना प्रोसेसरचे तापमान एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये किती दिसते ते पाहा.

वास्तुविशारद, कॉलेज रोड

वरील दुरुस्तीविषयीची माहिती अगदी योग्य आहे. मी त्याच मुद्द्याची दुसरी बाजू मांडते, कारण माझ्या कार्यालयात प्रशिक्षणासाठी येणाऱ्या मुलामुलींची हीच अडचण मी दरवर्षी पाहते. कार्ड शोधण्यापूर्वी काम नेमके कोठे अडते हे ठरवले पाहिजे.

ऑटोकॅड, स्केचअप आणि रेव्हिट यांत मॉडेल तयार करताना मुख्य भार प्रोसेसरच्या एका कोअरवर आणि रॅमवर पडतो. मोठे कार्ड घेऊनही त्या कामाचा वेग फारसा वाढत नाही. लुमियन किंवा एनस्केप यांची गोष्ट वेगळी आहे, कारण ते दृश्य त्याच क्षणी ग्राफिक्सवर उभे करतात, आणि तेथे २ जीबी मेमरी खरोखर तोकडी पडते. व्ही-रे या दोन्हींच्या मध्ये आहे. तो प्रोसेसरवरही रेंडर करू शकतो आणि ग्राफिक्सवरही. आपल्या मुलीला मेमरी संपल्याची सूचना येते, यावरून तिने व्ही-रेमध्ये ग्राफिक्सचा पर्याय, म्हणजे कुडा, निवडलेला असावा. या लॅपटॉपवर अंतिम चित्रासाठी तिने प्रोसेसरचा पर्याय निवडावा, म्हणजे रेंडरिंग २ जीबीऐवजी मुख्य रॅम वापरेल आणि अर्ध्यावर बंद पडणार नाही. वेळ लागेल, पण चित्र पूर्ण होईल.

मेमरी कशी संपते याचा हिशेब विद्यार्थ्यांना कोणी समजावून सांगत नाही, आणि मला त्याचे फार वाईट वाटते, कारण त्यापायी पालक हजारो रुपये खर्च करतात. दगडाच्या पोताचे ४के चित्र म्हणजे ४०९६ गुणिले ४०९६ बिंदू. प्रत्येक बिंदूला ४ बाइट धरले तर एका चित्राला ६४ एमबी लागतात. म्हणजे २ जीबीमध्ये अशी ३२ चित्रेच मावतील, आणि तीही पडद्याला, मॉडेलच्या आकृतीला आणि रेंडरिंगच्या स्वतःच्या कामाला काहीच लागत नाही असे मानले तर. एका दगडी पोताला रंगाचे, खडबडीतपणाचे आणि उठावाचे अशी तीन-तीन चित्रे असतात. मग दहा प्रकारच्या पोतांतच घर भरते. तेच चित्र २के आकाराचे केले तर ते १६ एमबीवर येते, म्हणजे चौथा हिस्सा. घाटाच्या ज्या पायऱ्या चित्रात दूर दिसतात त्यांना ४के पोताची गरज नसते. झाडांच्या बाबतीतही एकच झाड शंभरदा स्वतंत्रपणे चिकटवण्याऐवजी त्याचा कंपोनंट (एकाच आकृतीची पुन्हा पुन्हा वापरायची प्रत) करून किंवा प्रॉक्सी (मूळ झाडाऐवजी ठेवलेली हलकी खूण) वापरून ठेवले तर त्याची आकृती मेमरीत एकदाच राहते.

आणखी एक गोष्ट पाहा. विंडोजच्या सेटिंगमध्ये डिस्प्लेखाली ग्राफिक्स या ठिकाणी प्रत्येक प्रोग्रॅमसाठी कोणते ग्राफिक्स वापरायचे हे ठरवता येते. स्केचअप जर प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चालत असेल आणि एमएक्स३५० रिकामे बसलेले असेल, तर आधी ते दुरुस्त करावे.

प्रश्नकर्ता, सातपूर

ताई आणि दादा, आपण दोघांनी इतके सविस्तर लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभारी आहे. काल रात्री मुलगी आणि मी दोघांनी बसून सगळे तपासले.

स्लॉटच्या ठिकाणी ‘२ पैकी १’ असे दिसते. ‘जीपीयू ०’ म्हणून इंटेल यूएचडी ग्राफिक्स आणि ‘जीपीयू १’ म्हणून एमएक्स३५० दिसते. येथे मला एक शंका आली: लॅपटॉपच्या खोक्यावर आणि कीबोर्डशेजारच्या स्टिकरवर ‘आयरिस एक्सई’ असे छापलेले आहे, मग आत यूएचडी कसे? आम्हाला चुकीचा माल दिला गेला का?

टाइप-सी पोर्ट एकच आहे. त्याच्याजवळ विजेचे चिन्ह नाही आणि माहितीपत्रकात ५ जीबीपीएस एवढाच वेग दिलेला आहे. रेंडर सुरू केल्यावर चार-पाच मिनिटांत प्रोसेसर ९७ अंशांवर जातो आणि त्यानंतर त्याचा वेग निम्म्याखाली येतो. लॅपटॉप एकदाही आतून साफ केलेला नाही. व्ही-रेमध्ये कुडाच निवडलेले होते, ताईंचा अंदाज तंतोतंत खरा निघाला.

लॅपटॉप दुरुस्ती व्यावसायिक, महात्मा गांधी रोड

दादा, माल चुकीचा नाही. आपल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सचा जो भाग आहे तो आयरिस एक्सईच आहे, परंतु इंटेलच्या अटीनुसार ते नाव आणि ती पूर्ण क्षमता मेमरी ड्युअल चॅनेलमध्ये, म्हणजे एकाच वेळी दोन रस्त्यांनी चालत, असेल तेव्हाच मिळते. एकाच स्लॉटमध्ये एकच पट्टी असली की विंडोजमध्ये त्याच भागाचे नाव यूएचडी असे दिसते. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते मुख्य रॅमच वापरते. त्यामुळे एका चॅनेलवर त्याला निम्माच रस्ता मिळतो. लॅपटॉप घेतल्यापासून आपला एक स्लॉट रिकामा आहे, म्हणजे इतकी वर्षे हा लॅपटॉप एका फुप्फुसावर चालला आहे.

म्हणून पहिला खर्च रॅमवर करावा. आपल्या प्रोसेसरला डीडीआर४ ३२०० वेगाची मेमरी चालते. पट्टी लॅपटॉपची, म्हणजे एसओ-डीआयएमएम प्रकारची, २६० पिनांची आणि १.२ व्होल्टची हवी. दुकानात डीडीआर५ ची पट्टीही जवळजवळ तशीच दिसते, पण तिला २६२ पिना असतात, ती १.१ व्होल्टवर चालते आणि तिची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे ती बसणार नाही; जोर लावून बसवण्याचा प्रयत्न कोणालाही करू देऊ नका. सध्याच्या पट्टीचा वेग आणि क्षमता सीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये ‘एसपीडी’ या पानावर दिसते, ती लिहून घेऊन दुकानात जा. तशीच ८ जीबीची दुसरी पट्टी घेतली तर पूर्ण १६ जीबी ड्युअल चॅनेलमध्ये चालेल. १६ जीबीची घेतली तर एकूण २४ जीबी होतील आणि त्यातले पहिले १६ जीबी ड्युअल चॅनेलमध्ये व उरलेले ८ जीबी एका चॅनेलमध्ये चालतील; रेंडरच्या कामाला मी हाच पर्याय सुचवेन.

९७ अंश ही चिंतेची बाब आहे. या प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश आहे आणि तिच्या जवळ गेला की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. इतक्या वर्षांत थर्मल पेस्ट सुकलेली असणार आणि हीटसिंकच्या पट्ट्यांत धुळीचा नमदा तयार झालेला असणार; सातपूर आणि अंबडकडून येणाऱ्या लॅपटॉपमध्ये मला तो नेहमीच दिसतो. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा तर हा लॅपटॉप आणखी अडेल. पंखा साफ करून पेस्ट बदलून घ्या. बॅटरीची जोडणी काढल्याशिवाय आतल्या भागाला हात लावू नये, हे आपल्याला सांगायला नकोच.

अभियांत्रिकीचा विद्यार्थी, इंदिरानगर

काका, बाहेरून ग्राफिक्स कार्ड जोडण्याचा पर्याय अजून कोणी लिहिलेला नाही, आणि मी तो स्वतः वापरतो, म्हणून लिहितो.

डेस्कटॉपचे कार्ड एका वेगळ्या डब्यात बसवून ते केबलने लॅपटॉपला जोडता येते. त्यासाठी लॅपटॉपला थंडरबोल्ट किंवा यूएसबी४ पोर्ट लागतो, कारण कार्डाला लागणारे पीसीआय एक्स्प्रेसचे संकेत त्यातूनच बाहेर येतात. थंडरबोल्ट ३ आणि ४ यांचा वेग ४० जीबीपीएस आहे आणि त्यांपैकी कार्डाच्या वाट्याला जास्तीत जास्त ३२ जीबीपीएस येतात. टाइप-सी हे फक्त खाचेच्या आकाराचे नाव आहे. आपल्या प्रोसेसरमध्ये थंडरबोल्ट ४ ची सोय आहे, पण लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने ती पोर्टपर्यंत आणली नाही तर तिचा उपयोग होत नाही, आणि ५ जीबीपीएस लिहिले आहे त्याअर्थी ती आणलेली नाही. त्यामुळे कोणी ‘टाइप-सीला चालणारा ग्राफिक्सचा डबा’ म्हणून काही विकू लागले तर घेऊ नका.

दुसरा रस्ता एम.२ स्लॉटचा आहे. एसएसडी ज्या स्लॉटमध्ये बसते तो स्लॉटही पीसीआय एक्स्प्रेसच्या चार लेनचा असतो, आणि त्यात पट्टी बसवून तिची केबल बाहेर काढणारे जोड मिळतात. आपल्या लॅपटॉपमध्ये एम.२ स्लॉट एकच असेल तर एसएसडी काढावी लागेल आणि विंडोज दुसरीकडे हलवावे लागेल. खालचे झाकण उघडे राहते, लॅपटॉप चालू असताना केबल काढता किंवा लावता येत नाही, आणि रोज महाविद्यालयात न्यायच्या लॅपटॉपला हे सोसणार नाही.

माझ्या लॅपटॉपला थंडरबोल्ट ४ असल्याने मला हे जमले; मी १२ जीबी मेमरीचे आरटीएक्स ३०६० जोडलेले आहे. ब्लेंडरमध्ये रेंडर करताना केबलच्या मर्यादेचा त्रास फारसा जाणवत नाही, कारण सीन एकदा कार्डाच्या मेमरीत गेला की पुढचे सगळे गणित तेथेच होते. दृश्य लॅपटॉपच्याच पडद्यावर पाहिले तर ते त्याच केबलने परत यावे लागते, म्हणून मॉनिटर थेट कार्डाला जोडतो. एकदा वीज गेली तेव्हा लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, पण कार्ड बंद पडले आणि विंडोज गोठले. त्यात चार तासांचे रेंडर गेले. तेव्हापासून डब्याला यूपीएस लावलेला आहे. डबा, कार्डाला वीज पुरवणारा एसएमपीएस, कार्ड, मॉनिटर आणि यूपीएस असा सगळा खर्च मांडल्यावर माझ्या लक्षात आले की त्याच पैशांत थोडी भर घालून घरी स्वतंत्र डेस्कटॉप झाला असता. काका, आपल्या जागी मी असतो तर डेस्कटॉपच घेतला असता.

प्रश्नकर्ता, सातपूर

आपल्या सर्वांच्या सल्ल्याने रस्ता बराच मोकळा झाला. रविवारी १६ जीबीची पट्टी बसवली आणि पंखा साफ करून पेस्ट बदलून घेतली. आता टास्क मॅनेजरमध्ये आयरिस एक्सई असे नाव दिसते. तेच चित्र, त्याच आकारात, व्ही-रेमध्ये प्रोसेसरच्या पर्यायावर पूर्वी रॅम भरून गेल्याने २ तास ५० मिनिटे घेत होते. आता ते १ तास ४० मिनिटांत पूर्ण झाले आणि तापमान ८५ अंशांच्या आसपास राहिले. मुलीने दूरच्या पायऱ्यांचे पोत २के केले आहेत आणि मॉडेल फिरवताना आता अडखळत नाही.

लॅपटॉप महाविद्यालयासाठी तसाच ठेवून घरी वापरलेला डेस्कटॉप घ्यावा असा विचार झाला आहे. मेहुण्यांच्या कार्यालयातून एका मोठ्या कंपनीचा जुना डेस्कटॉप मिळतो आहे. त्यात सहा कोअरचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि २४० वॅटचा एसएमपीएस आहे. त्यात आरटीएक्स ३०६० बसेल का?

लॅपटॉप दुरुस्ती व्यावसायिक, महात्मा गांधी रोड

मदरबोर्डावर पूर्ण लांबीचा पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट असेल तर कार्ड त्यात बसेल, कारण नवे कार्ड जुन्या आवृत्तीच्या स्लॉटमध्ये चालते, केवळ वेगाची कमाल मर्यादा खाली येते. अडचण आहे ती एसएमपीएसची. आरटीएक्स ३०६० एकटे १७० वॅट घेते आणि त्यासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवलेला आहे. आपल्याला विजेचे गणित परिचित आहे म्हणून तसेच सांगतो: १७० वॅट म्हणजे १२ व्होल्टच्या ओळीवर सुमारे १४ अँपिअर, आणि तो भार एका झटक्यात चढतो-उतरतो. त्यामुळे एसएमपीएसवरचा मोठा आकडा न पाहता १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे. स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅट आणि आठ पिनांच्या एका जोडातून १५० वॅट मिळू शकतात. म्हणजे तो आठ पिनांचा जोड एसएमपीएसमधूनच आलेला हवा. जुन्या चार पिनांच्या तारेवरून आठ पिनांचा जोड बनवणारे कन्व्हर्टर मिळतात, ते लावू नका. त्यांची प्लास्टिकची टोके वितळलेली मी पाहिली आहेत.

मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयीन डेस्कटॉपमध्ये आणखी एक अडचण असते. त्यांच्या मदरबोर्डाचा वीजजोड पुष्कळदा नेहमीच्या २४ पिनांचा नसतो आणि एसएमपीएसचा आकारही वेगळा असतो, त्यामुळे बाजारातला ५५० वॅटचा एसएमपीएस त्यात बसतोच असे नाही. झाकण उघडून त्या जोडाच्या पिना मोजा आणि स्लॉटपासून कॅबिनेटच्या पुढच्या भागापर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजून घ्या. कार्डाची लांबी त्याहून कमी हवी, आणि दोन स्लॉटची जाडीही धरावी. यांपैकी एकही गोष्ट जुळली नाही तर आरटीएक्स ३०५० चे ६ जीबीचे कार्ड पाहा. ते ७० वॅटचे आहे आणि त्याच्या पुष्कळ कार्डांना वेगळा वीजजोड लागत नाही. मेमरी १२ जीबीच्या निम्मी आहे, हे मात्र लक्षात घ्यावे लागेल.

वापरलेले कार्ड घेताना दुकानातच संगणकावर लावून जीपीयू-झेड चालवा. जुन्या चिपचे फर्मवेअर बदलून ती मोठी असल्याचे भासवणारी कार्डे बाजारात येऊन गेली आहेत, आणि २०१८ पासून हा प्रोग्रॅम अशी पुष्कळशी बनावट कार्डे ओळखून त्यांच्या नावापुढे तसे दाखवतो. त्यानंतर निदान अर्धा तास पूर्ण भार देऊन तापमान आणि पडद्यावर ठिपके येतात का ते पाहा. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन लॅमिंग्टन रोडवर थोडे स्वस्त मिळेलही, पण काही बिघडले तर पुन्हा तेथेच जावे लागते. म्हणून नाशिकमध्ये बिल आणि हमी मिळत असेल तर मी येथूनच घ्यायला सांगेन.

वास्तुविशारद, कॉलेज रोड

एक छोटी भर घालते. डेस्कटॉप आल्यावर तो आणि लॅपटॉप या दोन्हींवर स्केचअप आणि व्ही-रे यांच्या आवृत्त्या सारख्याच ठेवा, आणि पोतांची सगळी चित्रे मॉडेलच्याच फोल्डरमध्ये असू द्या. नाहीतर फाइल दुसऱ्या संगणकावर उघडल्यावर पोत हरवतात आणि सबमिशनच्या आदल्या रात्री ते शोधत बसावे लागते. डेस्कटॉपवर १२ जीबीचे कार्ड आले की तेथे व्ही-रेमध्ये पुन्हा कुडा निवडायला हरकत नाही.

प्रश्नकर्ता, सातपूर

आज संध्याकाळी मेहुण्यांकडे जाऊन झाकण उघडून पाहिले. मदरबोर्डाचा वीजजोड सहा पिनांचा निघाला आणि स्लॉटपासून पुढच्या पत्र्यापर्यंत २१० मिलिमीटर जागा आहे. तो डेस्कटॉप घ्यायचा नाही असे ठरवले. साध्या कॅबिनेटचा, २४ पिनांच्या जोडाचा आणि आधीच ५५० वॅटचा एसएमपीएस असलेला एक वापरलेला संगणक सिडकोत पाहून ठेवला आहे. शनिवारी मोजपट्टी आणि जीपीयू-झेडचा पेन ड्राइव्ह घेऊन मुलीसह तेथे जाणार आहे. एसएमपीएसवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिले आहेत त्याचा फोटो काढून येथे टाकतो, तो दादांनी एकदा पाहावा ही विनंती.